तिसऱ्याला दिलेलं मत खरंच वाया जातं का? नेमकी मोजणी आणि पर्याय, जाणकारांनी सांगावं

सोयाबीनपट्टा (ता. मेहकर)

नमस्कार मंडळी. आमच्या बुलढाणा लोकसभेचा २०२४ चा निकाल समोर ठेवून विचारतो. प्रतापराव जाधव ३,४९,८६७, नरेंद्र खेडेकर ३,२०,३८८, अपक्ष रविकांत तुपकर २,४९,९६३ आणि चौथ्या नंबरवर वंचितचे वसंत मगर, सुमारे ९८ हजार. म्हणजे पडलेल्या मतांपैकी ३२ टक्क्यांच्या आसपास मतं घेणारा खासदार झाला. बाकी ६८ टक्के लोकांनी दुसऱ्या कोणाला तरी निवडलं होतं, पण निकालात त्याची किंमत शून्य.

गावात निवडणूक आली की पारावर एकच बोलणं असतं, "त्याले देऊन काय फायदा, तो थोडीच येते?" सोयाबीन हमीभावाच्या खाली विकावं लागतं, सिंचनाचा अनुशेष तसाच आहे, दोन्ही आघाड्यांवर राग आहे. तरी बटण दाबताना माणूस नकोशा दोघांपैकी कमी नकोसा कोण ते बघतो. तिसरा चांगला वाटला तरी हात मागे येतो.

मला चार गोष्टी नेमक्या समजून घ्यायच्या आहेत. मत वाया जातं म्हणजे हिशेबात कुठं जातं? नोटा ("यांपैकी कोणीही नाही" हे बटण) दाबून काही होतं का? मोजण्याची पद्धत बदलायची तर ते कोणाच्या हातात आहे? आणि ग्रामपंचायतीत तरी काही वेगळं करता येईल का? कोणत्याही पक्षाचा प्रचार नको, पद्धतीबद्दल बोला.


आकडेमोड_अकोला

दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच आहे. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला एक जागा, एक मत, आणि ज्याला इतरांपेक्षा एक मत जास्त तो निवडून आला. निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत अशी अट कुठंच नाही. त्यामुळे उमेदवार जितके जास्त आणि मतं जितकी विखुरलेली, तितका जिंकण्याचा आकडा खाली येतो. दोन उमेदवार असले तर ५० टक्क्यांच्या वर जावं लागतं, तीन तगडे असले तर ३४ टक्क्यांतही भागतं. बुलढाण्यात चार जण होते म्हणून ३२ वर भागलं.

शेजारच्या दोन जागा बघा. अकोल्यात २०२४ ला अनुप धोत्रे ४,५७,०३०, अभय पाटील ४,१६,४०४ आणि प्रकाश आंबेडकर २,७६,७४७. विजेता चाळीस टक्क्यांच्या आत. फरक ४०,६२६ चा, आणि तिसऱ्याची मतं त्या फरकाच्या सहापटीहून जास्त. अमरावतीत बळवंत वानखडे ५,२६,२७१, नवनीत राणा ५,०६,५४०, प्रहारचे दिनेश बूब ८५,३००. फरक १९,७३१, तिसऱ्याची मतं त्याच्या चौपट. तिन्ही ठिकाणी जिंकलेले पक्ष वेगळे आहेत, म्हणून ही एका पक्षाची तक्रार नाही. तिसऱ्याचे मतदार दुसरी पसंती कोणाला देणार होते ते या पद्धतीत विचारलंच जात नाही. त्यामुळे "अमक्याने मतं खाल्ली" हे प्रत्येक निकालानंतर छातीठोक सांगितलं जातं, पण ते सिद्ध करता येत नाही. मतपत्रिकेवर ती माहितीच नाही.

आता राज्याचा हिशेब. २०२४ च्या लोकसभेला दोन्ही आघाड्यांची मतं ४३-४४ टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ बरोबरीची. जागा मात्र महाविकास आघाडी ३०, महायुती १७, एक अपक्ष. सहा महिन्यांत विधानसभा झाली आणि महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनीच २८८ पैकी २३० जागा घेतल्या, आघाडीच्या तिघांना मिळून ४६. त्याच विधानसभेत राष्ट्रवादीच्या दोन गटांकडे बघा. शरद पवार गट ११.२८ टक्के मतं, १० जागा. अजित पवार गट ९.०१ टक्के मतं, ४१ जागा. एका गटाने जागा जास्त लढवल्या आणि मतं पसरली, दुसऱ्याने कमी जागा लढवल्या आणि त्यातल्या बहुतेकांवर मित्रपक्षांची मतं सोबत आली. मतांची बेरीज आणि जागांची बेरीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्वच्छ कुठं दिसणार नाही. देशपातळीवर २०१४ ला बसपाला चार टक्क्यांच्या वर मतं होती, जागा एकही नाही.

या पद्धतीत तिसरा स्वबळावर जिंकतो तो सहसा एकाच परिस्थितीत, त्याची मतं एका भागात दाटलेली असली तर. १९६२ ला नागपुरातून बापूजी अणे अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले, नागविदर्भ आंदोलन समितीच्या पाठबळावर. १९७१ ला तिथूनच जांबुवंतराव धोटे फॉरवर्ड ब्लॉककडून. वेगळ्या विदर्भाचा प्रश्न तेव्हा नागपूरभोवती एकवटला होता. कापूस-सोयाबीनच्या भावाचा प्रश्न मात्र बुलढाण्यापासून चंद्रपूरपर्यंत सगळीकडे थोडा थोडा आहे, म्हणून त्या प्रश्नावर उभा राहणारा प्रत्येक ठिकाणी तिसरा येतो. प्रश्न मोठा असून जागा नाही, त्याचं कारण लोकांची उदासीनता नसते.

दुसरा रस्ता युतीचा. १९९८ ला रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार काँग्रेसशी समझोता करून निवडून आले, त्यात तीन विदर्भातले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सु. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. पण त्यात जागा कोणती मिळणार हे मोठा पक्ष ठरवतो. समझोता तुटला की मतं तितकीच राहूनही खासदार शून्यावर येतात.


निवडणूक_शाखा

नोटाबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून तेवढंच लिहितो.

सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर नोटाचं बटण आलं. लोकसभा-विधानसभेत त्याचा निकालावर परिणाम नाही. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तो निवडून येतो. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७,५०० मतांसह दुसऱ्या नंबरवर होतं. २०२४ ला इंदूर लोकसभेत दोन लाख अठरा हजारांवर गेलं, तिथंही दुसरं. दोन्हीकडे विजेता ठरायला काही अडलं नाही. शिवाय उमेदवाराची अनामत रक्कम परत मिळते का हे मोजताना नोटा वैध मतांत धरत नाहीत.

महाराष्ट्रात एक अपवाद आहे. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, त्यानुसार महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायतीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. दुसऱ्यांदाही नोटाच पुढे राहिलं तर मात्र उमेदवारांतला पहिला विजयी. म्हणजे नगरपंचायतीच्या प्रभागात नोटाला निदान एकदा दात आहेत. खासदारकी-आमदारकीला नाहीत.

तिसऱ्याला दिलेल्या मताचे मात्र दोन कायदेशीर उपयोग आहेत, ते लोक विसरतात. एक अनामत. लोकसभेला २५,०००, विधानसभेला १०,०००, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तरच परत मिळते. अकरा लाख वैध मतं असतील तर १,८३,३३३ च्या वर जावं लागतं, आणि एवढी मतं घेणारा पुढच्या वेळी बोलणी करायला रिकाम्या हाताने बसत नाही. दुसरा उपयोग पक्षाच्या मान्यतेचा. राज्यात एकूण वैध मतांच्या ८ टक्के मतं पडली तर एकही जागा न येता राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळू शकते, आणि मान्यता म्हणजे कायमचं चिन्ह.

चिन्हाचा मुद्दा ग्रामीण भागात सगळ्यात जड आहे. अपक्षाला आणि मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर दहा सूचक (नाव सुचवणारे मतदार) लागतात, मान्यताप्राप्त पक्षाला एक पुरतो. अर्ज माघारीची मुदत संपल्यावर चिन्ह मिळतं, तेव्हा मतदानाला साधारण दोन आठवडे उरलेले असतात. लोकसभेच्या एका मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं, शेकडो गावं. चौदा दिवसांत प्रत्येक घरात नवं चिन्ह पोचवणं माणसं आणि गाड्या असल्याशिवाय होत नाही. यंत्रावरची नावंही आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष अशा क्रमाने येतात. उमेदवार पंधराच्या वर गेले की दुसरं मतदान युनिट जोडावं लागतं, कारण एका युनिटवर नोटा धरून सोळाच बटणं. मग म्हातारी माणसं पहिल्या युनिटवरच शोधत राहतात.


कपाशीवाला_दारव्हा

ग्रामपंचायतीचं म्या सांगतो. लोकं म्हणतात गावात पक्ष नसते, चिन्ह खुलं असते. पण पॅनल असते ना भाऊ! आन पॅनलचा हिशोब तर खासदारकीहून कडक आहे.

धरा गावाची लोकसंख्या अडीच हजार, म्हणजे नऊ मेंबर. तीन वार्ड, एकेका वार्डात तीन जागा. एका वार्डात सहाशे मतं पडली. एका पॅनलले ३१०, दुसऱ्याले २९०. जागा अ, ब, क अशा अलग अलग असते, आन माणूस सहसा तिन्ही बटणं एकाच पॅनलची दाबते. तिन्ही जागा पह्यल्या पॅनलच्या. बाकीच्या दोन वार्डांत बी असंच झालं तं नऊपैकी नऊ! गावातल्या जवळपास अर्ध्या लोकांचा एक बी मेंबर नाही. मंग पाच वर्षं त्या मोहल्ल्यात नाली होत नाही, घरकुलाच्या यादीत नावं मांगं राहते. भांडणं कायची असते? याचीच असते.

हे दोन आघाड्यांचं आत्ता आलं. गावात तं पॅनल पह्यलेपासून दोनच, आन काहून दोन, ते या हिशोबातच आहे. तिसरं पॅनल उभं झालं का दोघंबी म्हणते, "तुले पाडायसाठी त्यानं उभं केलं."


सोयाबीनपट्टा (ता. मेहकर)

आभारी आहे सगळ्यांचा. वार्डाचा हिशेब वाचून आमच्याच गावाचा निकाल समजला.

आता पुढचं. विधान परिषदेच्या पदवीधर आमदारकीला मतपत्रिकेवर उमेदवारांसमोर पसंतीने १, २, ३ असं लिहितात. त्यात तिसऱ्याचं मत वाया जात नाही असं म्हणतात. ते खरं असेल तर मोजणी कशी चालते ते पायरीपायरीने सांगाल का? आणि तीच पद्धत बाकी ठिकाणी का नाही?


पसंतीक्रम_वाशीम

ताई-दादा जे कोण असाल, हा प्रश्न विचारला ते फार बरं झालं. विदर्भात अमरावती आणि नागपूर विभागांत पदवीधर आणि शिक्षक असे चार मतदारसंघ आहेत, आणि तिथं ही पद्धत वर्षानुवर्षं चालू आहे. परदेशातून काही आणायची गरज नाही.

छोटं उदाहरण घेतो, आकडे समजण्यापुरते. वैध मतं १,०००. कोटा म्हणजे वैध मतांचं निम्मं अधिक एक, ५०१. पहिल्या पसंतीची मोजणी: क ४००, ख ३४०, ग १८०, घ ८०. आपल्या नेहमीच्या पद्धतीत क इथंच आमदार झाला असता. इथं कोणीच ५०१ ला पोचलं नाही, म्हणून सगळ्यात मागचा घ बाद. त्याच्या ८० मतपत्रिका पुन्हा उघडायच्या आणि २ कोणासमोर लिहिलंय ते बघायचं. समजा ४५ ग ला, १५ ख ला, १० क ला, आणि १० जणांनी पुढे काहीच लिहिलं नाही. आता क ४१०, ख ३५५, ग २२५, संपलेल्या १०. ग बाद. त्याच्याकडच्या २२५ पैकी १५० ख ला, ४५ क ला, ३० संपल्या. शेवटी ख ५०५, क ४५५. ख निवडून आला.

इथं ज्यांनी घ ला पहिली पसंती दिली त्यांचं मत दोनदा मोजलं गेलं नाही. एकच मत, एका वेळी एकाच उमेदवाराच्या खात्यात, फक्त तो बाद झाल्यावर पुढे सरकलं. आणि क-ख यांच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंत्या उघडल्याच नाहीत, कारण ते शेवटपर्यंत रिंगणात होते. म्हणून "दुसरी पसंती दिली तर आपल्या माणसाचं नुकसान होतं" ही जी गोष्ट प्रचारात पसरवली जाते ती चूक आहे. तुमची दुसरी पसंती तुमचा पहिला बाद झाल्याशिवाय कोणी बघत नाही. "फक्त १ लिहा, पुढे काही लिहू नका" हा सल्ला मोठ्या उमेदवारांच्या सोयीचा असतो.

चुका कुठं होतात तेही सांगतो, कारण तिथंच ही पद्धत बदनाम होते. १ लिहिलेलाच नाही, १ दोघांसमोर लिहिला, आकड्याऐवजी बरोबरची खूण केली, सही केली, केंद्रावर दिलेला जांभळा पेन सोडून स्वतःचा वापरला, तर मतपत्रिका अवैध. आकडा देवनागरीत चालतो, इंग्रजीत चालतो, रोमन चालतो, पण "एक" असं अक्षरात लिहिलं तर चालत नाही. १ नंतर थेट ३ लिहिला तर १ मोजला जातो, पुढे ती पत्रिका संपली. पदवीधर मतदारसंघात सगळे शिकलेले, तरी २०२३ च्या अमरावतीच्या मोजणीत हजारो पत्रिका अवैध ठरल्या होत्या. त्याच मोजणीत पहिल्या पसंतीवर कोणीच कोटा गाठला नाही, मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली आणि निकाल बाद उमेदवारांच्या पुढच्या पसंत्यांवर लागला. पत्रिका संपत गेल्या तर शेवटी उरलेल्या दोघांतला पुढचा कोटा न गाठताही विजयी होतो, हेही लक्षात ठेवा. "५० टक्क्यांचा पाठिंबा हमखास" असं कोणी म्हणत असेल तर ते अर्धंच खरं, उरलेल्या वैध पत्रिकांत निम्म्याहून जास्त, एवढंच.

या पद्धतीने अपक्षालाही वाट मिळते. अमरावती शिक्षक मतदारसंघात २०२० ला किरण सरनाईक अपक्ष निवडून आले.

एक बाजूची गोष्ट, पण महत्त्वाची. पदवीधर यादी दर निवडणुकीला नव्याने बनते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल असं नाही. १ नोव्हेंबरच्या आधी किमान तीन वर्षं पदवी झालेली असावी, आणि नमुना १८ पुन्हा भरावा लागतो, शिक्षकांना नमुना १९. खेड्यातल्या मुलामुलींची नावं इथंच गळतात.


सनद_वाचक

वरचं सगळं पटलं, पण पद्धत बदलणं कोणाच्या हातात, याबद्दल थोडी शिस्त हवी. "प्रमाणशीर पद्धत आणा" म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात.

पहिली गोष्ट, पक्षाच्या मतांच्या प्रमाणात जागा. ही मागणी जुनी आहे. संविधान सभेत जानेवारी १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातून गेलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचे मुद्दे दोन होते: या पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते, आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार अस्थिर होईल. पहिला मुद्दा आज बराच सैल झालाय, दुसरा अजून उभा आहे. पुढे १९९९ च्या १७० व्या अहवालात विधी आयोगाने मधला मार्ग सुचवला, नेहमीच्या जागा ठेवून वर साधारण पाव जागा पक्षयादीतून, म्हणजे पक्षांनी दिलेल्या नावांच्या यादीतून. पुढे काही झालं नाही. त्यासाठी संविधान दुरुस्ती लागेल, कारण अनुच्छेद ८१ आणि १७० मध्ये प्रादेशिक मतदारसंघांतून थेट निवड असं लिहिलंय. ज्यांना याच पद्धतीने बहुमत मिळालं त्यांनीच ती बदलायची, ही खरी अडचण.

न्यूझीलंडने बदललं. तिथं १९७८ आणि १९८१ ला कमी मतं मिळालेला पक्ष जास्त जागांवर सरकारात बसला, लोक चिडले, १९९३ ला सार्वमत झालं आणि १९९६ पासून मतदारसंघ आणि पक्षयादी यांची मिश्र पद्धत आली, यादीतून जागा मिळायला साधारण ५ टक्के मतांच्या अटीसह. पण अशा अटीच्या जरा खाली राहिलेली मतं तिथंही वाया जातात. जर्मनीत २०२५ ला एक पक्ष ४.९८ टक्क्यांवर अडकला आणि यादीतून एकही जागा मिळाली नाही. ब्रिटनमध्ये २०२४ ला लेबरने ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा घेतल्या, तरी तिथल्याच लोकांनी २०११ च्या सार्वमतात पसंतीक्रम पद्धत मोठ्या फरकाने नाकारली होती. म्हणजे लोकांना राग असतो, पण नवी पद्धत समजावून दिली नाही तर ते जुनीच धरतात.

यादी पद्धतीबद्दल माझी मुख्य शंका वेगळी आहे. यादीत कोणाचं नाव वर, हे पक्षाचा मालक ठरवणार. मेहकरच्या शेतकऱ्याला मुंबईत बसून केलेल्या यादीतला कोण जबाबदार? शिवाय राखीव जागांचं काय? अमरावती, रामटेक अनुसूचित जातींसाठी आणि गडचिरोली-चिमूर अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. यादीत हे कसं बसवायचं याची नवी रचना लागेल.

दुसरी गोष्ट, म्हणजे एकाच जागेसाठी १-२-३. यात मतदारसंघ तेच, आरक्षण तेच, फक्त मोजणी बदलते. माझ्या वाचनाप्रमाणे यासाठी १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आणि त्याखालचे नियम बदलले तरी पुरेल. अमेरिकेत हाच मार्ग धरलाय. तिथली अध्यक्षाची निवडणूक ५० पैकी ४८ राज्यांत "पुढचा सगळं घेऊन जातो" अशी. १९९२ ला रॉस पेरो यांना १८.९ टक्के मतं, पण निर्वाचक मत (राज्यांकडून अध्यक्षासाठी पडणारं मत) एकही नाही. २००० ला फ्लोरिडात फरक ५३७ मतांचा आणि तिसऱ्या राल्फ नेडर यांची मतं ९७ हजारांवर. मेन राज्याने २०१८ पासून अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) निवडणुकीला पसंतीक्रम लावला, आणि पहिल्याच वर्षी एका जागेवर पहिल्या फेरीत मागे असलेला उमेदवार जिंकला. अलास्काने २०२२ पासून. पण मेनमध्ये गव्हर्नरच्या निवडणुकीला ती लागू नाही, कारण त्यांच्या राज्यघटनेत जास्त मतांचा उमेदवार असा शब्द आहे. सुरुवातीला कोणत्या कायद्यात कोणता शब्द आहे ते बघावं लागतं, ते यासाठी.


निवडणूक_शाखा

अंमलबजावणीचं बोलू. लोकसभेला १-२-३ लावायचं तर सध्याचं यंत्र चालणार नाही, ते एका मतदाराचं एकच बटण नोंदवतं. कागदी पत्रिका आणली तर अकरा-बारा लाख पत्रिका एका ठिकाणी आणून फेऱ्या कराव्या लागतील. विधानसभानिहाय वेगवेगळी मोजणी करून चालत नाही, कारण कोण बाद झाला हे पूर्ण मतदारसंघाची बेरीज झाल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक फेरीला सहाही ठिकाणी थांबायचं, बेरीज यायची, मग पुढे. दिवसच्या दिवस जातील, आणि तितके दिवस पेट्यांची राखण.

फ्रान्ससारखं दोन फेऱ्यांचं मतदान कोणी सुचवेल. आपल्याकडे विधानसभेचं मतदान ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतं, २०१९ ला २१ ऑक्टोबर, २०२४ ला २० नोव्हेंबर. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी. कामाला बाहेर गेलेला मजूर एकदा येईल, पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा मजुरी बुडवून येणार नाही. दुसऱ्या फेरीत नेमका तोच गळेल. त्यापेक्षा एकाच दिवशी १-२-३ बरं.


पसंतीक्रम_वाशीम

म्हणूनच सुरुवात खालून करावी, आणि ती राज्याच्या हातात आहे. थेट सरपंचाची निवडणूक घ्या. एक पद, पूर्ण गाव एक मतदारसंघ. अनुच्छेद २४३-ग नुसार गावपातळीच्या अध्यक्षाची निवड कशी करायची ते राज्याचं विधिमंडळ ठरवतं. २०१७ ला थेट सरपंच आला, २०२० ला गेला, २०२२ ला पुन्हा आला, तिन्ही वेळा मुंबई-नागपुरातच ठरलं, दिल्लीला विचारावं लागलं नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात दुरुस्ती करून सरपंचासाठी कागदी पत्रिका आणि पसंतीक्रम आणता येतो. अडीच हजार वस्तीच्या गावात पंधराशे-अठराशे पत्रिका. तहसीलला दोन टेबलांवर तीन-चार फेऱ्या दुपारपर्यंत उरकतात. यंत्राची अडचण नाही, गाव छोटं असल्याने फेऱ्या समोर बसून बघता येतात.

अवैध मतांची भीती आहे, ती खरी आहे. त्याला उपाय म्हणजे आकडे न लिहिता गोल भरायचे रकाने, उमेदवारापुढे पहिली, दुसरी, तिसरी असे तीनच. आणि उमेदवारांच्या चिन्हांऐवजी साधी चित्रं असलेली नमुना पत्रिका बचतगटाच्या बैठकीत आधी भरून घ्यायची.

कपाशीवाल्या भाऊंच्या नऊ-शून्याचाही हिशेब याने सुटतो. तीन जागांच्या वार्डात पसंतीक्रम लावला तर कोटा मतांचा चौथा हिस्सा अधिक एक, ६०० मतांत १५१. ३१० वाल्याला दोन, २९० वाल्याला एक. पण इथं एक पेच आहे: त्या तीन जागांत एक महिलेची, एक मागासवर्गाची अशी आरक्षणं असतात, आणि ती प्रत्येक जागेला स्वतंत्र लावलेली असतात. कोटा पद्धतीत ती बसवायला वेगळा नियम लिहावा लागेल. सरपंचपदाला तो पेच नाही, कारण पूर्ण पदच राखीव किंवा खुलं असतं. म्हणून आधी सरपंच.


कपाशीवाला_दारव्हा

हे जमण्यासारखं वाटून राह्यलं. ग्रामसभेचा ठराव घेता येते का याचा?


निवडणूक_शाखा

घेता येतो. कायदा बदलायचा अधिकार ग्रामसभेला नाही, त्यामुळे ठराव मागणीच्या स्वरूपाचाच राहील. विषय सूचनेत आधी आला पाहिजे, आयत्या वेळच्या विषयात घेतला तर इतिवृत्तात नीट उतरत नाही. गणपूर्ती झाल्याची नोंद आणि सह्या बघा. प्रत ग्रामविकास विभागाला, राज्य निवडणूक आयोगाला आणि आपल्या आमदाराला. आमदाराकडून अशासकीय विधेयक मांडून घेता येतं, त्याला मसुदा लागतो. "पद्धत बदला" एवढंच लिहिलं तर कोणी हलत नाही, अधिनियमातल्या सरपंचाच्या कलमात कोणती वाक्यं बदलायची ते लिहून द्या.

सोबत आपल्या भागाचा फॉर्म २० काढा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर विधानसभानिहाय असतो, त्यात प्रत्येक केंद्रावर कोणाला किती ते मिळतं. तिसरा किती केंद्रांवर पहिला किंवा दुसरा होता ते मोजा. दोन निवडणुकांची तुलना करताना केंद्र क्रमांकावर जाऊ नका, क्रमांक बदलतात, गावाच्या नावावर जुळवा. टपाली मतं वेगळ्या ओळीत असतात, ती केंद्रांच्या बेरजेत मिसळू नका.

याच कागदाची दुसरी बाजूही आहे. छोट्या गावात एकच केंद्र असलं की गावाने कोणाला दिलं ते उघड होतं, आणि त्या धाकानेही लोक तिसऱ्याकडे जात नाहीत. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र सुचवलं गेलं होतं, ते लागू झालेलं नाही. मागणी करायची तर ठरावात हेही घाला.


सोयाबीनपट्टा (ता. मेहकर)

मसुद्याची वाक्यं इथंच टाकूया का? सनद_वाचक, तुम्ही कलम काढून द्याल का. आमच्याकडच्या केंद्रांची आकडेवारी मी गावनिहाय लावतो, लोकसभा आणि विधानसभा दोन्ही.


सनद_वाचक

देतो. अधिनियमाची ताजी प्रत बघूनच लिहीन, २०२२ च्या दुरुस्तीनंतरची. इंटरनेटवर जुन्या प्रती फार फिरतात, त्यावरून कोणी मसुदा करू नये.